मुलांचे हात आणि मुलांचा धडा

मूल शाळेंतून घरीं येतें, दप्तर कोपऱ्यांत टाकतें आणि "उद्यां पुठ्ठा, रंगीत कागद आणि डिंक न्यायचा आहे" असें जाहीर करतें, म्हणजे आजकाल बहुतेक घरांत एक लहानशी धांदल उडते. आजोबांना हें नवें खूळ वाटतें. त्यांच्या मतें एवढ्या वेळांत मुलाचे दोन पाढे पाठ झाले असते. आई दुकान बंद होण्यापूर्वीं कागद आणावयास धांवते. वडील कामावरून थकून येतात आणि रात्रीं दहा वाजतां कातर हातीं घेतात. आणि ज्याच्यासाठीं हा सारा खटाटोप, तें मूल शेजारीं बसून जांभया देत असतें. अशा घरांतील वडील मंडळींनीं वैतागून "ह्या कातरकामाचा आणि अभ्यासाचा संबंध काय?" असें विचारलें, तर त्यांना दोष देतां येणार नाहीं. आजच्या लेखांत ह्याच प्रश्नाचा विचार आम्ही करणार आहों.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हातकामाचे दोन प्रकार असतात. एकानें धडा समजतो आणि दुसऱ्यानें धडा सजतो. पहिल्यांत मूल कांहीं तरी करून पाहतें, चुकतें, मोडतें, पुन्हां करतें आणि शेवटीं पुस्तकांतलें वाक्य त्याचें स्वतःचें होतें. दुसऱ्यांत तयार झालेलें ज्ञान सोनेरी कागदांत गुंडाळून भिंतीवर टांगलें जातें. दोहोंसही आज "प्रकल्प" हेंच एक नांव मिळाल्यामुळें घोंटाळा होतो. 2020 सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें कलेची इतर विषयांशीं सांगड घालण्यास सांगितलें आहे, हें योग्यच झालें. पण सांगड कशी घालावी हें घरांतल्या मोठ्या माणसांना उमगलें नाहीं, तर धोरण कागदावर राहतें आणि कागद मात्र घरभर पसरतो.

हा विचार परका आहे असेंही कोणीं समजूं नये. आपल्याकडील भूमितीचा जो सर्वांत जुना ग्रंथसमूह उपलब्ध आहे, त्याचें नांव शुल्बसूत्रें. शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञवेदी मोजून आंखावयाची, ठराविक आकाराच्या विटा पाडावयाच्या, त्या विटांची चिति पंख पसरलेल्या श्येन पक्ष्याच्या आकाराची रचावयाची आणि क्षेत्रफळ तर बरोबर उतरलें पाहिजे, अशा कामांतून ती भूमिति निघाली. काटकोन चौकोनाच्या कर्णाविषयींचा जो सिद्धांत आज मुलें पायथागोरसच्या नांवानें पाठ करतात, तो बौधायनाच्या शुल्बसूत्रांत दोरीच्या भाषेंत सांगितलेला आहे. म्हणजे आपल्या पूर्वजांच्या हातांत आधीं दोरी आणि वीट होती, सूत्र मागाहून आलें. पूर्वीच्या पंतोजींच्या शाळेंतील धूळपाटी तरी काय होती? लांकडाच्या फळीवर धूळ पसरून बोटानें अक्षर काढतांना त्याचें वळण डोळ्यांच्या आधीं बोटांत शिरत असे. आज घरांतील लहान मुलास "क" शिकवितांना जमिनीवर खडूनें मोठें अक्षर काढून द्यावें आणि त्याच्या रेघेवर चिंचोके मांडावयास सांगावें. रेघ कोठें वळते आणि कोठें थांबते हें त्यास दहा वेळां सांगण्याची गरज उरत नाहीं.

युरोपांत हाच विचार पद्धतशीर मांडण्याचा मान फ्रीड्रिख फ्रोबेल ह्या जर्मन शिक्षकाकडे जातो. त्यानें 1837 सालीं ब्लांकेनबुर्ग येथें लहान मुलांची शाळा काढली आणि 1840 सालीं तिला "किंडरगार्टन", म्हणजे बालोद्यान, हें नांव दिलें. लोंकरीचे चेंडू, लांकडी ठोकळे, कागदाच्या घड्या आणि कागदी पट्ट्यांचें विणकाम हीं त्याच्या शाळेचीं पाठ्यपुस्तकेंच होतीं. पुढें मद्रास इलाख्यांतील टी. सुंदर राव ह्या गृहस्थांच्या पाहण्यांत हीं बालोद्यानांतील कागदाच्या घड्यांचीं साधनें आलीं. जी घडी चार वर्षांच्या मुलाच्या हातीं दिली जाते, तिच्यांतून मोठ्यांची भूमिति कां निघूं नये, असा विचार करून त्यांनीं कागदाच्या घड्यांवर एक इंग्रजी ग्रंथ लिहिला. तो 1893 सालीं मद्रासेस छापला गेला. फेलिक्स क्लाइन ह्या थोर जर्मन गणितज्ञानें आपल्या पुस्तकांत त्याचा उल्लेख केला आणि 1901 सालीं शिकागो येथें त्याची आवृत्ति निघाली. मुलांचें खेळणें म्हणून ज्याकडे आपण पाहतों, त्याची पोंच कोठवर आहे हें ह्यावरून ध्यानांत येईल.

आतां प्रत्यक्ष घरांत करण्याजोगीं कांहीं कामें सांगतों. ह्यांपैकीं एकासही दुकानांत जावें लागत नाहीं.

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन होते, हें वाक्य मूल पाठ करतें. पण त्यावर त्याचा विश्वास बसलेला नसतो. त्यास जुन्या वर्तमानपत्राचा कोणताही एक त्रिकोण कापावयास सांगावें. सर्वांत लांब बाजू खालीं ठेवावी. वरचें टोंक खालीं दुमडून त्या बाजूस टेकवावें, मात्र पडणारी घडी खालच्या बाजूशीं समांतर राहिली पाहिजे. मग उरलेलीं दोन टोंकें आंत दुमडून त्याच बिंदूपाशीं आणावीं. तिन्ही कोन एकमेकांस चिकटून एका सरळ रेषेवर येऊन बसतात. घरांत पांच मुलें असतील तर पांच निरनिराळे त्रिकोण कापावे. पांचही तसेच बसतात. "माझ्या त्रिकोणाचेंही जमलें!" असें जेव्हां सर्वांत धाकटा म्हणतो, तेव्हां "कोणताही त्रिकोण" ह्या शब्दांचा अर्थ त्यास कळलेला असतो. मोठ्या विद्यार्थ्यास मग सांगावें कीं, घडी म्हणजे सिद्धता नव्हे. समांतर रेषांच्या नियमानें ती आतां वहींत लिहून दाखव.

दुसरें काम ह्याहून गमतीचें आहे. 30 सेंटिमीटर लांब व 20 सेंटिमीटर रुंद असे अगदीं सारखे दोन जाड कागद घ्यावे. एकाची उभी नळी करावी, म्हणजे तिची उंची 30 होईल. दुसऱ्याची आडवी करावी, म्हणजे उंची 20 होईल. कडा एकमेकींवर न चढवितां चिकटपट्टीनें जोडाव्या. आतां सर्वांना विचारावें कीं, कोणत्या नळींत धान्य अधिक मावेल? कागद सारखाच, तेव्हां धान्यही सारखेंच मावणार, असें बहुतेक मुलें सांगतात. आणि घरांतील मोठीं माणसेंही पुष्कळदां तेंच म्हणतात. मग बुटकी नळी ताटांत उभी करून उंच नळी तिच्या आंत ठेवावी. उंच नळी ज्वारीनें कांठोकांठ भरावी आणि हळूच वर उचलून घ्यावी. ज्वारी बुटक्या नळींत पसरते आणि तिचे तीन भागांपैकीं दोनच भाग भरतात! चौथीच्या मुलास एवढें आश्चर्य पुरे. आठवींतल्यास मात्र पुढें न्यावें. घनफळांत त्रिज्या दोनदां गुणली जाते आणि उंची एकदांच, म्हणून रुंदीचें पारडें जड होतें, हें सूत्र त्यास आतां आपण सांगावें लागत नाहीं, तो स्वतःच मागतो.

आजीच्या ठिपक्यांच्या रांगोळींतही गणित दडलेलें आहे. एक ठिपका काढावा. त्याच्या उजवीकडे व खालीं कोपऱ्यासारखे तीन ठिपके मांडले कीं दोन दोनांचा चौरस होतो. पुन्हां पांच मांडले कीं तीन तिनांचा, मग सात, मग नऊ. विषम संख्यांची क्रमानें बेरीज केली असतां वर्गसंख्याच मिळते, हें मुलास अंगणांत दिसतें. एक, तीन, पांच, सात आणि नऊ मिळून पंचवीस; आणि अंगणांत ठिपके तर पांच ओळींत पांच! हें काम मुलींपुरतें ठेवूं नये. रांगोळी बहिणीनें काढावी आणि गणित भावानें करावें अशी वांटणी ज्या घरांत आहे, तेथें दोघांचेंही शिक्षण अर्धवट होतें.

पुण्याच्या मोटारकारखान्यांत अभियंता असलेले श्री. अरविंद गुप्ता 1978 सालीं रजा घेऊन मध्यप्रदेशांत होशंगाबाद भागांतील विज्ञानशिक्षणाच्या कार्यांत सामील झाले. तेथें त्यांनीं आगपेटीच्या काड्या सायकलीच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनीं जोडून आकृति करण्याची युक्ति काढली. टाकाऊ वस्तूंतून खेळणीं करण्याच्या त्यांच्या कामास 2018 सालीं पद्मश्री मिळाली. हा खेळ घरीं केरसुणीच्या काड्या दोऱ्यानें बांधूनही करतां येतो. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडीत नाहीं. चार काड्यांचा चौकोन मात्र बोट लावतांच कलतो. त्यास एक तिरपी काडी बांधली कीं तोही उभा राहतो. मग मुलास बाहेर नेऊन कौलारू घराची कैची, रेल्वेचा लोखंडी पूल आणि विजेच्या तारांचा मनोरा दाखवावा. "इथं तिरपा दांडा कां घातला?" हें आपण विचारण्याची वेळच येत नाहीं, मूलच आपणांस सांगूं लागतें.

इतिहास आणि भूगोल ह्यांसाठीं महाराष्ट्रांतील मुलांपाशीं दिवाळींतील किल्ल्याएवढें उत्तम साधन दुसरें नाहीं. परंतु आतां तयार सांच्याचे किल्ले बाजारांत मिळूं लागले आहेत, आणि दहा मिनिटांत किल्ला मांडून मुलें मोकळीं होतात. माती, दगड आणि पोतीं घेऊन चार दिवस खपणाऱ्या मुलास जें मिळतें, तें ह्यांत मिळत नाहीं. त्यास एखादा खराच किल्ला करावयास सांगावें. राजगड घेतला तर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी ह्या तीन माच्या आणि मध्यें उंच बालेकिल्ला, एवढें पुस्तकांतून काढून घ्यावें लागतें. करतां करतां प्रश्न उभे राहतात. माच्या इतक्या लांब कां? दरवाजा समोरासमोर न ठेवतां बुरुजांच्या आड वळवून कां ठेवीत? डोंगरमाथ्यावर पाणी कोठून येई? किल्ल्यावर तांब्याभर पाणी ओतावें आणि तें कोणत्या वाटेनें उतरतें हें पाहावें. खडकांत खोदलेल्या टांक्यांचें महत्त्व त्यावरून उमजतें, आणि पावसानें डोंगराची माती कशी वाहून जाते तेंही दिसतें. उतारावर अळीव पेरले कीं चार-पांच दिवसांत हिरवळ उठते. बीज रुजण्याचा धडा तेथेंच होतो.

सहावी-सातवीच्या विद्यार्थ्यासाठीं आणखी एक काम आहे. नकाशांतील समोच्च रेषा मुलांना कोड्यासारख्या वाटतात. ओल्या चिकणमातीची वीतभर टेंकडी करावी, तिची एक बाजू उभी व दुसरी सपाट उताराची ठेवावी. मग ताणलेल्या दोऱ्यानें ती सारख्या उंचीवर आडवी कापून तिच्या चकत्या कराव्या. टेंकडींत दोन उभ्या काड्या आधींच आरपार खोंचून ठेवल्या, तर त्यांच्या भोंकांवरून प्रत्येक चकती कागदावर अचूक जागीं बसवितां येते. एकेक चकती ठेवून तिच्याभोंवतीं पेन्सिल फिरवीत गेलें कीं कागदावर समोच्च रेषांचा नकाशा उमटतो. उभ्या बाजूस रेषा दाटीनें येतात आणि सपाट उतारावर विरळ होतात. ज्यानें ही टेंकडी एकदां कापली, तो हा नियम जन्मांत विसरणार नाहीं.

एवढें वाचून कोणी म्हणेल, मग सर्वच शिक्षण हातकामानें कां देऊं नये? हा प्रयोग आपल्या प्रांताच्या जवळच होऊन गेला आहे. 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजीं वर्धा येथें भरलेल्या शिक्षणपरिषदेंत महात्मा गांधींनीं हस्तोद्योग हाच शिक्षणाचा मध्यबिंदु करावा अशी योजना मांडली, आणि डॉ. झाकिर हुसेन ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें तिचा आराखडा केला. कल्पना अशी कीं, सूत काततांना मोजमापांतून गणित निघावें, कापसांतून शेतीचा आणि हवामानाचा धडा निघावा. जेथें शिक्षक तयारीचा होता, तेथें हें उत्तम चाललें. पण पुढें पुष्कळ शाळांत तकलीचा तास निराळा आणि गणिताचा तास निराळा झाला. तकली फिरत राहिली आणि तिच्यांतून धडा निघेनासा झाला. ह्याच्या उलट उदाहरण ताराबाई मोडक ह्यांचें. त्यांनीं 1945 सालीं बोर्डी येथें आणि 1957 पासून कोसबाडच्या टेंकडीवर, अनुताई वाघ ह्यांच्या साहाय्यानें, ग्रामीण व आदिवासी मुलांसाठीं बालवाड्या चालविल्या. महागडीं परदेशी साधनें बाजूस ठेवून शिंपले, बिया, दगड, पानें अशा भोंवतालच्या वस्तूंची साधनें त्यांनीं केलीं. वस्तु स्वस्त होती, पण प्रत्येक वस्तूमागें ठरविलेला धडा होता. दोहोंतील फरक एवढाच, आणि तोच सर्व कांहीं आहे.

आतां एका पत्राविषयीं. आमच्या एका वाचक भगिनीनें लिहिलें आहे कीं, त्यांच्या अकरा माणसांच्या घरांत पांचवींतल्या नातवास जलचक्राची प्रतिकृति करून आणण्यास सांगितलें होतें. त्याच्या काकांनीं रात्रीं जागून कापसाचे ढग आणि निळ्या कागदाची नदी असा देखणा देखावा केला. सकाळीं शाळेंत निघतांना नातवानें विचारलें, "आजी, बाईंनीं विचारलं तर मीच केला म्हणून सांगूं ना?" आजींनीं लिहिलें आहे, "मला उत्तर सुचलें नाहीं. घरांत कोणास ह्यांत कांहीं वावगें दिसत नाहीं. आपण काय म्हणतां?"

आम्ही म्हणतों कीं, ह्या बाईंचा जीव ज्यासाठीं अडखळला, तीच ह्या विषयांतील सर्वांत मोठी गोष्ट आहे. काकांचें प्रेम खरें आहे, त्यांची कलाही खरी आहे. पण त्या एका रात्रींत मुलानें दोन धडे घेतले. कापसाचा ढग चिकटवून पाऊस कसा पडतो हें त्यास कळलें नाहीं, हा पहिला. दुसऱ्याचें काम आपलें म्हणून सांगितलें कीं शाबासकी मिळते, हा दुसरा. आणि तो मात्र पक्का झाला. त्याऐवजीं त्यास रुंद तोंडाची कांचेची बरणी द्यावयास हवी होती. तळाशीं त्यानें ओली माती घालावी, एक रोप लावावें, तोंड पारदर्शक कागदानें घट्ट बांधावें आणि बरणी उन्हांत ठेवावी. कांहीं वेळानें कागदाच्या आंतल्या बाजूस थेंब जमतात आणि ओघळून पुन्हां मातींत पडतात. बरणी देखणी दिसत नाहीं, पण तिच्यांत खरोखर पाऊस पडतो. काकांनीं शेजारीं बसून "हे थेंब आले कुठून रे?" एवढेंच विचारावें.

हातकामाच्या वेळीं वडील मंडळींनीं पाळावयाचे नियम आम्ही थोडक्यांत सांगतों. पहिला, काम सुरू होण्यापूर्वीं मुलास "काय होईल?" हें विचारावें, अंदाज केल्याशिवाय आश्चर्य नाहीं आणि आश्चर्याशिवाय शिकणें नाहीं. दुसरा, धारेचें शस्त्र आणि विस्तव एवढ्यांपुरताच आपला हात पुढें करावा. तिसरा, वांकडें झालेलें सरळ करूं नये. कोठें वांकडें झालें तें मुलास शोधूं द्यावें. चवथा, वस्तु तयार झाल्यावर ती दृष्टीआड करावी आणि काय केलें, काय दिसलें, तें मुलाकडून शब्दांत वदवून घ्यावें, जमल्यास चार ओळी लिहवून घ्याव्या. हें शेवटचें पाऊल राहून गेलें तर सारा वेळ करमणुकींत जमा होतो. आणि पाढे, शब्दरूपें, कविता ह्यांचें पाठांतर पूर्वींप्रमाणेंच चालूं ठेवावें. हातकाम समज देतें, पाठांतर तिला टिकवितें. एकीनें दुसरीची जागा घेण्याचें कारण नाहीं.

आमच्या शिक्षकबंधूंसही एक विनंति आहे. प्रतिकृति पाहून गुण देऊं नयेत. मुलास जवळ बोलावून, "ह्यांतलं काय मोडलं होतं आणि पुन्हां कसं केलंस?" एवढेंच विचारावें. ज्यानें स्वतः केलें असेल तो तासभर बोलेल, ज्याचें दुसऱ्यानें केलें असेल तो खालीं पाहील. ही कसोटी एकदां वर्गांत लागू झाली कीं घरोघरच्या काकांच्या रात्रीं आपोआप मोकळ्या होतील.

लेखणीवर जगणाऱ्या आपल्या घरांत हात मातींत घालणें कमीपणाचें मानण्याची खोड जुनी आहे. मुलांच्या निमित्तानें ती गेली तर दुहेरी लाभ होईल. सुतार, कुंभार, शिंपी हे मापाचे, कोनांचे आणि पदार्थांच्या गुणधर्मांचे जाणते लोक आहेत, हें ज्या मुलानें स्वतः एक काटकोन साधण्यासाठीं तीनदां पुठ्ठा फुकट घालविला आहे, त्यास सांगावें लागत नाहीं. येत्या सुटींत घरांतील एका खोलीचा एक कोपरा मुलांस द्यावा. जुनीं वर्तमानपत्रें, पुठ्ठे, सुतळी, काड्या, चिंचोके आणि एक बोथट कातर तेथें ठेवावी. तेथला केर संध्याकाळीं मुलांनींच काढावा. आणि वडीलधाऱ्यांनीं दिवसांतून अर्धा तास त्या कोपऱ्याजवळ आपले हात मागें बांधून बसावें. आपला हात आवरणें हेंच सर्वांत कठीण. पण तें साधलें तर मुलांचे हात आपोआप चालूं लागतात.